आर्मेनियाचे हस्तकोरीव खाचकार: घरासाठी घ्यावा का, आणि घ्यायचाच तर काय पाहून घ्यावा?

मधुमालती (धागालेखिका)

माझी भाची येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असून येत्या सप्टेंबरात आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत पुन्हा पुन्हा दिसणारे खाचकार, म्हणजे मध्यभागी क्रूस आणि त्याभोवती विणकामासारखी नक्षी कोरलेल्या उभ्या शिळा, माझ्या मनात घर करून राहिले आहेत. पुण्यातल्या आमच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात एक लहान, हाताने कोरलेला खाचकार असावा अशी इच्छा आहे.

शोध घेतला तेव्हा तळहाताएवढ्यापासून दोन फुटांपर्यंत अनेक नमुने दिसले आणि जवळजवळ प्रत्येक विक्रेता आपला माल 'हस्तनिर्मित' व 'वारसा' असल्याचे सांगतो. एकाच आकाराच्या दोन वस्तूंच्या किमतींत मात्र दसपट फरक आढळतो. खरे हातकाम कसे ओळखावे, दगड कोणता निवडावा आणि 'जुना' म्हणून विकला जाणारा तुकडा घ्यावा का, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय एक संकोचही आहे. जी शिळा लोक आत्म्याच्या उद्धारासाठी उभारतात ती आपण शोभेसाठी भिंतीशी टेकवून ठेवणे कितपत योग्य?

शिल्पशोध

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण उरलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

आर्मेनियाने इसवी सन ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला असे तेथील परंपरा मानते. आरंभीच्या शतकांत लाकडी क्रूस आणि चारही बाजूंनी कोरलेले दगडी स्तंभ उभारले जात. आज ज्याला खाचकार म्हणतात ते रूप नवव्या शतकात स्थिरावले. वर्ष कोरलेला सर्वांत जुना ज्ञात खाचकार ८७९ सालचा असून तो राजा पहिला अशोत याची राणी कात्रानिदे हिने गार्नी येथे उभारला. त्यानंतर या शिळा केवळ थडग्यांवर उभ्या राहिल्या असे नाही. युद्धातील विजय, चर्चची किंवा पुलाची पूर्तता, मठाला दिलेले जमिनीचे दान, नैसर्गिक संकटापासून संरक्षण, अशा अनेक निमित्तांनी त्या उभारल्या गेल्या. जिवंत माणसाने स्वतःच्या आत्म्यासाठी हयातीतच खाचकार उभारल्याचीही उदाहरणे आहेत. त्यांवरील लेखांत दात्याचे नाव येते आणि वाचणाऱ्याने आपल्या प्रार्थनेत त्याची आठवण ठेवावी अशी विनंती येते. म्हणजे ही शिळा येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यासाठी, उघड्यावर उभी राहणारी आहे. तिचा कोरीव दर्शनी भाग सामान्यतः पश्चिमेकडे असतो, जेणेकरून तिच्यापुढे उभा राहणारा पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतो.

रचनेतही हा विचार दिसतो. बहुसंख्य खाचकारांत क्रूसावर येशूचा देह नसतो. क्रूसाच्या बाहूंची टोके कळ्यांसारखी दुभंगतात, तळापासून दोन मोठी पाने वर वळतात आणि खाली सूर्याचे अथवा अनंताचे चक्र असते. वधस्तंभाऐवजी पालवी फुटलेला जीवनवृक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. हाघपात येथील १२७३ सालच्या खाचकारासारखे, क्रूसावरील येशूचे दर्शन घडवणारे 'आमेनाप्रकिच' म्हणजे सर्वोद्धारक प्रकारचे नमुने संख्येने फार थोडे आहेत.

दगड घडवून झाला की खाचकार पूर्ण होत नाही. धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतो, पवित्र तेलाने अभिषेक करतो आणि त्यानंतरच त्याच्या ठायी रक्षणाचे सामर्थ्य येते अशी श्रद्धा आहे. बाजारात मिळणाऱ्या लहान शिळेवर हा विधी झालेला नसतो. म्हणून तिला खाचकार-कलेचा नमुना म्हणणे अधिक नेमके ठरेल, आणि असा नमुना घरी ठेवण्यात मला तरी काही गैर वाटत नाही. आर्मेनियन लोक स्वतः तो भेट म्हणून देतात, घरात आणि कचेरीत ठेवतात.

रोखठोक

मला हे पटत नाही. आपल्या गावच्या वेशीवरचा वीरगळ उचलून कोणी बर्लिनमधल्या दिवाणखान्यात दिव्याखाली ठेवला तर आपल्याला चालेल का? शोभा हा शब्द आला की स्मरण संपते.

शिल्पशोध

वेशीवरचा वीरगळ उचलणे आणि आजच्या पाथरवटाकडून नवी शिळा घडवून घेणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पहिलीत गावाची स्मृती चोरीला जाते, दुसरीत कारागिराला काम मिळते. तुमचा आक्षेप जुन्या तुकड्यांना मात्र पूर्णपणे लागू पडतो. मधुमालती, 'चौदाव्या शतकातील अस्सल' असे सांगून कोणी काही दाखवले तर तिथून निघून यावे. ती वस्तू खोटी असेल तर फसवणूक आहे, आणि खरी असेल तर ती एखाद्या स्मशानभूमीतून किंवा मठाच्या भिंतीतून निघालेली असणार. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला संरक्षण देतो. आर्मेनियातही सांस्कृतिक मूल्याच्या जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी शासनाची परवानगी लागते.

जुन्या शिळा सन्मानाने परदेशी गेल्याची उदाहरणेही आहेत. ब्रिटिश म्युझियममधील खाचकार १९७७ मध्ये आर्मेनियन चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी भेट दिलेला आहे, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१८ मध्ये भरवलेल्या आर्मेनियाविषयीच्या मोठ्या प्रदर्शनातही खाचकार मांडलेले होते. देणाऱ्याने ते जाणीवपूर्वक दिले, हा फरक महत्त्वाचा.

वसईकर

मी स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे संकोचाच्या मुद्द्यावर दोन शब्द लिहितो. आमच्याकडे वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत रस्त्याच्या कडेला, चौकात, विहिरीजवळ दगडी क्रूस आहेत. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा संरक्षणासाठी उभारलेले क्रूस गिरगाव-वांद्रे भागांत अजूनही दिसतात आणि मे महिन्यात अशा क्रूसांपाशी लोक जमून प्रार्थना म्हणतात. संकटापासून राखण करणारी शिळा ही कल्पना म्हणूनच मला परकी वाटली नाही, जरी नक्षीच्या बाबतीत आमचे क्रूस खाचकारांपुढे अगदीच साधे आहेत.

घरात क्रूस ठेवण्यासाठी ठेवणारा ख्रिस्तीच असला पाहिजे असे मी म्हणणार नाही. एवढेच सुचवेन की तो जमिनीवर, चपलांच्या कपाटाशेजारी किंवा मद्याच्या बाटल्यांच्या मांडणीत नसावा. नजरेच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीपाशी ठेवावा. पाहुण्याने विचारले तर तो काय आहे हे आपल्याला सांगता यावे.

येरेवाननिवासी

गेली काही वर्षे नोकरीनिमित्त येथे राहत असल्यामुळे खरेदीविषयी लिहितो.

बहुतेक पर्यटक 'व्हेर्निसाज' या उघड्यावरच्या बाजारात जातात. तो प्रजासत्ताक चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि शनिवार-रविवारी पूर्ण भरतो. तिथे टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचे, ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेचे आणि लाकडाचे लहान खाचकार मिळतात. त्यांत हातकाम आहे, यंत्रकाम आहे, आणि दगडाची भुकटी राळेत मिसळून साच्यात ओतलेला मालही आहे. तिन्ही प्रकार एकाच फळीवर शेजारी-शेजारी मांडलेले असतात. विक्रेता दर वेळी खोटे बोलतो असे नाही, पण आपण विचारले नाही तर तोही सांगत नाही. 'हे कोणी कोरले?' हा प्रश्न जरूर विचारावा. स्वतः कोरणारा माणूस हातातली वस्तू बाजूला ठेवून अर्धा तास बोलतो, तर नुसता विकणारा लगेच किमतीवर येतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे कारागिराच्या कार्यशाळेत जाणे. उस्ताद कारागिराला इथे 'वार्पेत' म्हणतात आणि ही विद्या घराण्यात किंवा गुरूकडून शिष्याकडे जाते. कार्यशाळेत अर्धवट कोरलेल्या शिळा उभ्या असतात, म्हणून काम कुठून सुरू होऊन कुठे संपते हे आपोआप समजते. आधी पृष्ठभाग सपाट करून त्यावर पट्टी आणि कंपासने आखणी होते, मग क्रूसाची बाह्यरेषा सोडून भोवतालचा दगड खोल काढला जातो, आणि त्यानंतर छिन्नी बारीक होत जाते. नक्षीतले पट्टे एकमेकांच्या वरून-खालून जातात ते शेवटच्या टप्प्यात उठतात आणि काम चुकते तेही बहुधा तिथेच. शेवटी बारीक वाळूने घासून कडा मऊ करतात. पूर्वी खरबरीत जागा माती किंवा चुन्याने लिंपून शिळा रंगवण्याचीही पद्धत होती. आज जे दगड आपण करड्या रंगात पाहतो त्यांतील काही एके काळी रंगीत होते हे कळल्यावर माझी तरी पाहण्याची दृष्टी बदलली.

भाचीला सोबत न्यावे. तिला आतापर्यंत व्यवहारापुरती भाषा येत असेलच आणि त्याने किमतीत फरक पडतो.

अश्मवेध

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून दगडाविषयी लिहितो. हा भाग जरा लांबेल.

खाचकारांसाठी प्रामुख्याने टफ आणि बसाल्ट वापरले जातात. टफ म्हणजे ज्वालामुखीतून उसळलेली राख साचून, दाबाने व उष्णतेने घट्ट झालेला खडक. आर्मेनियात तो गुलाबी, नारिंगी, पिवळसर, तांबडा आणि काळा अशा अनेक छटांत सापडतो आणि येरेवानच्या इमारतींना जो गुलाबीपणा आहे तो याच दगडाचा. तो वजनाला हलका आणि छिन्नीला मऊ असल्यामुळे त्यात खोल आणि गुंतागुंतीची नक्षी काढता येते. मात्र तो सच्छिद्र आहे, पाणी शोषतो. आपल्याकडच्या पावसात उघड्या गच्चीवर ठेवलेल्या टफला शेवाळ धरेल, आणि भिंतीतून किंवा जमिनीतून क्षारयुक्त ओल चढली तर पृष्ठभागाचे पापुद्रे निघतील. घराच्या आत, कोरड्या भिंतीपाशी तो निर्धास्तपणे ठेवावा.

बसाल्ट आपल्याला नवा नाही. सह्याद्री त्याचाच आहे आणि अजिंठा-वेरूळची लेणीही त्यातच कोरलेली आहेत. बसाल्ट कठीण, घट्ट आणि जड असतो. त्यात बारीक काम करायला वेळ आणि हत्यारे दोन्ही अधिक लागतात, म्हणून त्याच आकाराचा बसाल्टचा खाचकार महाग असला तर त्यात वावगे काही नाही. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच आहे. ती चकाकते, पण काचेसारखीच टवके उडून फुटते, त्यामुळे तिच्यात छिन्नीने जाळी कोरता येत नाही. तिच्यावरील खाचकार हे घासून किंवा यंत्राने काढलेले उथळ काम असते. दिसायला सुंदर असले तरी त्याला या परंपरेचा नमुना म्हणायला मी धजावणार नाही.

आता हातकाम ओळखण्याविषयी. नक्षीच्या तळाशी, म्हणजे जिथे दगड काढून टाकलेला आहे तिथे, बॅटरीचा प्रकाश बाजूने तिरका टाकून पाहावे. छिन्नीचे घाव लहान, वेगवेगळ्या दिशांचे आणि किंचित कमी-जास्त खोलीचे दिसतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे फिरते पाते एकसारख्या समांतर रेषा सोडते, तळ सर्वत्र तंतोतंत एकाच खोलीवर ठेवते आणि आतले कोपरे गोल करते, कारण फिरणाऱ्या पात्याला आतला टोकदार कोपरा काढता येत नाही. हाताने कोरलेल्या शिळेत डावी व उजवी बाजू एकमेकींना जुळतात, पण मोजायला गेलो तर कुठेतरी सुताचा फरक निघतो. साच्यातला माल ओळखणे सर्वांत सोपे आहे: हाताला तो दगडाइतका थंड लागत नाही, कडेला साच्याची जोडरेषा दिसते, बारीक बुडबुड्यांची छिद्रे असतात आणि दुकानात त्याची सख्खी जुळी भावंडे मांडलेली असतात. खाचकारांच्या बाबतीत ही शेवटची खूण निर्णायक मानावी. आर्मेनियात पन्नास हजारांहून अधिक खाचकार आहेत आणि कोणतेही दोन सारखे नाहीत, असे युनेस्कोने २०१० मध्ये या कलेचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करताना नोंदवले आहे.

रोखठोक

म्हणजे विजेवरची कटर वापरली तर ते हातकाम नव्हे?

अश्मवेध

तसे मी म्हणणार नाही. शिळा कापण्यासाठी आणि पार्श्वभूमीचा जाड दगड काढण्यासाठी आज बहुतेक कारागीर यांत्रिक कटर वापरतात, आणि आपल्याकडचे मूर्तिकारही वापरतात. पात्याची दिशा प्रत्येक क्षणी माणूस ठरवत असेल आणि अखेरची नक्षी छिन्नीने निघाली असेल तर मी त्याला हातकामच म्हणेन. संगणकातल्या एका आराखड्यावरून रात्रभरात वीस नग काढणे ही वेगळी गोष्ट आहे.

येरेवाननिवासी

सहमत. एक भर घालतो. खरेदीपूर्वी चांगले काम डोळे भरून पाहून घ्यावे, म्हणजे बाजारात नजर फसत नाही. येरेवानहून एका दिवसात गार्नी आणि गेघार्द होते. गेघार्दच्या मठात १२१३ सालचा, तिमोत आणि म्खितार यांनी कोरलेला खाचकार आहे. सेवान सरोवराच्या पश्चिमेकडील नोरातुसच्या स्मशानभूमीत सुमारे नऊशे खाचकार एकाच माळावर उभे आहेत. शत्रूचे सैन्य चालून आले तेव्हा गावकऱ्यांनी या शिळांना शिरस्त्राणे घातली, तलवारी टेकवल्या, आणि दुरून ते सैनिक समजून शत्रू परतला, अशी कथा तेथे सांगतात.

परंतु एकच ठिकाण निवडायचे असेल तर मी गोशावांकचा मठ सांगेन. तिथला १२९१ सालचा पोघोस या कारागिराचा खाचकार पाहताना दगड किती पातळ होऊ शकतो याचे आश्चर्य वाटते. नक्षी एका पातळीवर नाही. वरच्या जाळीच्या आड दुसरी जाळी आहे आणि तिच्या मागे सावली. तिथे सकाळी किंवा संध्याकाळी जावे, कारण दुपारी सूर्य डोक्यावर असताना हे थर सपाट दिसतात. नोरावांकच्या मठात मोमिक या शिल्पकाराचे १३०८ सालचे काम आहे. तो वास्तुविशारद होता आणि हस्तलिखितांतील लघुचित्रेही काढत असे, आणि त्याच्या दगडातही लेखणीची सवय जाणवते असे मला नेहमी वाटते.

फोर्टचा फेरफटका

या चर्चेत जुघाचा, म्हणजे जुन्या जुल्फाचा, उल्लेख आलाच पाहिजे, आणि त्याचा मुंबईशी सरळ संबंध आहे.

अराक्स नदीच्या काठी, आज अझरबैजानच्या ताब्यातील नखिचेवान प्रदेशात, जुल्फाची प्रचंड स्मशानभूमी होती. १६४८ मध्ये तेथून गेलेल्या अलेक्सांद्र द रोद या जेझुइट प्रवाशाने दहा हजार उभ्या शिळा असल्याचे लिहिले आहे. पुढील काळात त्या घटत गेल्या, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन हजारांहून अधिक शिल्लक होत्या आणि आर्गाम आयवाझ्यान या संशोधकाने त्यांची छायाचित्रे व नोंदी करून ठेवल्या. १९९८ पासून त्या पाडल्या जाऊ लागल्या आणि डिसेंबर २००५ मध्ये सैनिक उरलेल्या शिळा घणांनी फोडत असल्याचे दृश्य नदीपलीकडून, इराणच्या काठावरून, चित्रित झाले. अझरबैजानने हा आरोप नाकारला. परंतु २००३ आणि २००९ च्या उपग्रह छायाचित्रांची तुलना करून अमेरिकन वैज्ञानिक संस्थेने स्मशानभूमी नष्ट झाल्याचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

याच जुल्फाच्या रहिवाशांना इराणचा राजा शाह अब्बास याने १६०४-०५ च्या सुमारास इस्फहानजवळ सक्तीने वसवले. त्या 'नव्या जुल्फा'तील व्यापारी पुढे सुरत, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे आले. मुंबईच्या फोर्ट भागातील आर्मेनियन चर्च १७९६ सालचे असून आर्मेनियन लेन हे गल्लीचे नाव अजून टिकले आहे. शहरात आर्मेनियन कुटुंबे जवळजवळ उरली नसल्याने तेथे आता सिरियन ऑर्थोडॉक्स पंथीयांची उपासना होते. आपल्या शहरात ज्यांचा व्यापार होता त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांवरच्या त्या शिळा होत्या.

खरेदीशी याचा संबंध असा की जुन्या छायाचित्रांवरून जुल्फाच्या खाचकारांच्या प्रतिकृती कोरल्या जातात. अमेरिकेतील कोलोराडोच्या विधानभवन परिसरात २०१५ मध्ये अशी एक प्रतिकृती उभारली गेली. जुल्फाच्या शिळा उंच आणि अरुंद, क्रूस खोल कमानीत बसवलेला आणि तळाशी पुष्कळदा घोडेस्वाराची आकृती, अशा असत. मधुमालतीताई, कारागिराला काम सांगून करवून घेणार असाल तर या शैलीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. मूळ शिळा फुटली असताना तिची नक्षी कोणाच्या तरी हातात जिवंत राहणे, ही नुसती शोभा नव्हे.

रोखठोक

या मुद्द्यावर माझा विरोध मागे घेत नाही, पण सौम्य करतो. प्रतिकृती घेतलीत तर तिच्या मागच्या बाजूस कारागिराचे नाव, वर्ष आणि मूळ शिळेचे ठिकाण कोरून घ्या. पुढे तुमच्या नातवंडांनी ती 'प्राचीन' म्हणून विकायला काढू नये.

मधुमालती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी ठरल्या आहेत: जुना तुकडा घ्यायचा नाही, आणि बाजारात जाण्यापूर्वी गेघार्द व गोशावांक पाहायचे. भाचीला जुल्फा शैलीत काम करणाऱ्या कारागिराची चौकशी करायला सांगितले आहे आणि मागील बाजूस लेख कोरून घेण्याची सूचना तिच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. आता व्यवहाराचा प्रश्न उरतो. फूटभर उंचीची शिळा विमानातून कशी आणावी? आणि घरी आल्यावर तिला तेल किंवा पॉलिश लावावे का?

अश्मवेध

तीस सेंटिमीटर उंच, वीस रुंद आणि पाच जाड अशी बसाल्टची शिळा साधारण साडेआठ किलोंच्या आसपास भरेल. टफची त्याच्या जवळपास निम्मी. टफच घ्यावा, वजन आणि नक्षी दोन्ही दृष्टींनी. तेल, पॉलिश, वॉर्निश यांतले काहीही लावू नये. टफ ते शोषून घेतो, कायमचा काळवंडतो आणि वर धूळ चिकटते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडणे पुरेसे आहे. भिंतीवर टांगण्याचा मोह टाळावा. जाड लाकडी बैठकीत खाच करून शिळा उभी बसवावी आणि मागे भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवावे.

येरेवाननिवासी

हातातल्या सामानात दगड अडवला जाण्याची शक्यता असते, म्हणून तो मोठ्या बॅगेत, मध्यभागी, चहूबाजूंनी कपडे घालून ठेवावा. नक्षीची बाजू आधी जाड फोमने झाकावी, कारण तुटतात ते क्रूसाच्या टोकांचे कोंब. कारागिराकडून सही केलेली पावती घ्यावी आणि तिच्यावर वस्तू नव्याने कोरलेली असल्याचे वर्षासह लिहून घ्यावे. कोरताना काढलेली एक-दोन छायाचित्रेही जवळ असू द्यावीत. दोन्हीकडच्या विमानतळांवर कोणी विचारलेच तर तीच कामी येतात. काम सांगायचे असेल तर सप्टेंबरची वाट पाहू नये, भाचीमार्फत आताच आगाऊ रक्कम देऊन ठेवावी, कारण चांगल्या कारागिराकडे कामे रांगेत असतात आणि घाई केली की तो कटर हातात घेतो.

मधुमालती

आजच तिला कळवते. आखणीचा कागद आला की येथे टाकेन, कोरायला सुरुवात होण्यापूर्वी आपण सर्वांनी तो एकदा पाहावा.